पदवीनंतरच्या वर्षांत कलावंताला मार्गदर्शक कशासाठी हवा?

सस्नेह नमस्कार.

आपले सविस्तर पत्र मिळाले. आपल्या मुलीने चित्रकलेची पदवी घेतल्याला दोन वर्षे झाली. ती घरी नियमित काम करते, एक-दोन समूह प्रदर्शनांत तिची चित्रे लागलीही आहेत, पण पुढची वाट तिला दिसत नाही आणि आपल्यालाही सुचत नाही. अशात एका ज्येष्ठ चित्रकारांनी तिला आपल्या स्टुडिओत सहायक म्हणून बोलावले आहे आणि ‘मी तिला घडवीन’ असा शब्द दिला आहे. दुसरीकडे शुल्क घेऊन वर्षभर मार्गदर्शन करणाऱ्या एका कार्यक्रमाची माहिती तिने स्वतःच आणली आहे. इतकी वर्षे शिकून झाल्यावर पुन्हा शिकवणारे कोणी कशाला हवे, आणि हवेच असेल तर या दोहोंपैकी काय निवडावे, असे आपण विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. महाविद्यालयाने तिला रेखांकन, रंग आणि माध्यमे यांचे ज्ञान दिले, पण त्याखेरीज काम संपवण्याची मुदत, ते काम पाहणारी माणसे आणि त्यावर मोकळेपणाने बोलणारे कोणीतरी, हेही तिला न मागता मिळत होते. पदवी हातात पडली की हे सारे एका दिवसात थांबते आणि याची पूर्वसूचना विद्यार्थ्यांना सहसा कोणी दिलेली नसते. माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या तरुण कलावंतांपैकी ज्यांनी पुढे काम सोडून दिले, त्यांच्यात कौशल्य कमी पडले असे फार थोडे होते. बहुतेकांना आपण जे करतो आहोत त्यात काही दम आहे की नाही, हे कळेनासे झाले होते. एकट्याने काम करणाऱ्याचा हात चालू राहतो, पण स्वतःच्या कामाकडे त्रयस्थपणे पाहण्याची शक्ती हळूहळू कमी होते. मार्गदर्शकाची गरज नेमकी इथे लागते. तिने केलेल्या चाळीस चित्रांतून ज्या आठ-दहा चित्रांत खरोखर काही नवे घडू लागले आहे ती बाजूला काढून दाखवणे आणि बाकीची सध्या मागे का ठेवायची याचे कारण सांगणे, हे त्याचे पहिले काम.

हे काम कधी एका भेटीतही होते. सय्यद हैदर रझा यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील शिक्षण पूर्ण केले होते आणि चित्रकार म्हणून त्यांचे नाव होऊ लागले होते, तेव्हा १९४८ मध्ये काश्मीरमध्ये त्यांची भेट छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्याशी झाली. चित्रे पाहून ब्रेसाँ यांनी सांगितले की गुण आहेत, पण चित्राची बांधणी कच्ची आहे. फ्रेंच चित्रकार सेझान यांचा अभ्यास करा, असे त्यांनी सुचवले. रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले आणि रचनेचा हा प्रश्न त्यांनी पुढे अनेक वर्षे सोडला नाही. ज्याची चित्रे लोकांना आवडू लागली आहेत अशा तरुणाला त्याची नेमकी उणीव सांगणारा माणूस भेटणे ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ते ऐकून न दुखावता कामाला लागणे ही त्याहूनही दुर्मिळ. आपल्या मुलीत ही दुसरी तयारी कितपत आहे, याचा तिने प्रामाणिकपणे विचार करावा. ती नसेल तर कितीही मोठा मार्गदर्शक मिळाला तरी उपयोग व्हायचा नाही.

दीर्घ सहवासाचे उदाहरण द्यायचे तर मी फ्रान्समधील चित्रकार कामिय पिसारो आणि याच पॉल सेझान यांचे देईन, कारण त्यात या नात्याच्या जवळजवळ सर्व बाजू दिसतात. पिसारो नऊ वर्षांनी मोठे होते. १८७२ मध्ये सेझान पॅरिसजवळच्या पाँत्वाझ गावी त्यांच्या जवळ राहायला आले आणि दोघे उघड्यावर, शेजारी शेजारी काम करू लागले. त्याआधीची सेझान यांची चित्रे गडद रंगांची, जाड थरांची आणि नाट्यमय कल्पनांनी भरलेली असत. पिसारोंच्या सोबतीत त्यांचे रंग उजळले, ब्रशचे फटकारे लहान आणि संयत झाले, समोरचे दृश्य शांतपणे पाहत राहण्याची सवय लागली; याच काळात त्यांनी पिसारोंच्या एका निसर्गचित्राची प्रतही करून पाहिली. एवढ्यावरच पिसारो थांबले नाहीत. १८७४ मध्ये प्रभाववादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले तेव्हा सेझान यांना त्यात घेण्यास काहींची नाराजी होती, आणि पिसारोंनी त्यांची बाजू लावून धरली. म्हणजे नजर घडवणे आणि दार उघडून देणे ही दोन्ही कामे इथे एकाच माणसाने केली. तरीही सेझान यांची पुढची चित्रे पिसारोंसारखी झाली नाहीत, आणि व्हावीत अशी पिसारोंचीही अपेक्षा नव्हती. पिसारो १९०३ मध्ये वारले. त्यानंतर तीन वर्षांनी एका प्रदर्शनाच्या सूचीत सेझान यांनी स्वतःच्या नावापुढे ‘पिसारोंचा विद्यार्थी’ असे लिहिले, तेव्हा ते स्वतःच कित्येक तरुण चित्रकारांचे आदर्श झालेले होते.

असा एकच माणूस प्रत्येकाला मिळत नाही, आणि मिळावा असा हट्टही धरू नये. १९४० च्या दशकात मुंबईत जे तरुण चित्रकार पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप म्हणून ओळखले गेले, त्यांच्या पाठीशी वेगवेगळ्या कामांची माणसे होती. युरोपातून आलेले चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आपल्या स्टुडिओत त्यांचे काम पाहत आणि आधुनिक चित्रकलेविषयी त्यांच्याशी बोलत. रुडॉल्फ फॉन लायडन वर्तमानपत्रात समीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर त्यांची चित्रे विकत घेत. कलावंताच्या उभारीच्या काळात कामाची पारख करणारा, कामाविषयी जगाला सांगणारा आणि कामाचा व्यवहार जाणणारा, अशी तिन्ही प्रकारची माणसे आवश्यक असतात. आपल्या मुलीला आज यांपैकी कोणाची उणीव सर्वात जास्त आहे, हे ठरले की आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेच सोपे होते.

आता त्या ज्येष्ठ चित्रकारांच्या बोलावण्याविषयी. सहायकाची नोकरी आणि मार्गदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकत्र असू शकतात, पण एक मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते असे नाही. सहायकाला कॅनव्हास ताणून चौकटीवर चढवणे, त्यावर अस्तराचे थर देणे, मोठ्या चित्रांच्या पार्श्वभूमी भरणे, चित्रांचे फोटो काढून नोंदी ठेवणे, प्रदर्शनासाठी पॅकिंग करणे अशी कामे असतात. त्यातून शिकायला खूप मिळते. व्यावसायिक चित्रकाराचा आठवडा कसा जातो, गॅलरीशी पत्रव्यवहार कसा होतो, एखादे चित्र बिघडले तर तो काय करतो, हे वर्गात कोणी शिकवत नाही. पण हे श्रम आहेत आणि श्रमांचा मोबदला मिळाला पाहिजे. ‘शिकायला मिळते आहे ना’ या सबबीवर पूर्णवेळ विनावेतन काम करून घेणे मला मान्य नाही, मग समोरचा कितीही मोठा असो.

इतिहासात याची सावध करणारी उदाहरणे आहेत. फ्रेंच शिल्पकार कामी क्लोदेल १८८४ च्या सुमारास प्रसिद्ध शिल्पकार ओग्युस्त रोदाँ यांच्या कार्यशाळेत सहायक झाल्या आणि रोदाँच्या शिल्पांतील हात-पाय घडवण्यासारखे कठीण काम त्यांच्याकडे असे. शिक्षण, काम आणि खासगी नाते हे सगळे एकाच माणसाशी बांधले गेले. ते नाते तुटले तरी त्यांच्या स्वतंत्र शिल्पांकडेही लोक दीर्घकाळ रोदाँच्या संदर्भातच पाहत राहिले. याउलट शिल्पकार कॉन्स्टंटिन ब्रांकुशी १९०७ मध्ये त्याच रोदाँकडे थोडाच काळ काम करून बाहेर पडले. मोठ्या झाडाच्या सावलीत काही उगवत नाही, असे त्यांनी दिलेले कारण प्रसिद्ध आहे. प्रत्येकाने ब्रांकुशींसारखे लगेच बाहेर पडावे असे मी म्हणणार नाही. मात्र बाहेर पडण्याची वाट पहिल्या दिवसापासून मोकळी असली पाहिजे.

म्हणून माझा सल्ला असा की तिने हे काम स्वीकारावे, पण आठवड्यातले तीनच दिवस, आणि आरंभी सहा महिन्यांपुरते. उरलेले दिवस तिच्या स्वतःच्या चित्रांसाठी राखलेले असावेत. होकार देण्यापूर्वी तिने त्यांच्याशी स्पष्ट बोलून घ्यावे: मानधन किती आणि केव्हा मिळेल, त्यांच्याकडे केलेल्या कामाचा उल्लेख आपल्या परिचयपत्रात करता येईल का, स्वतःची चित्रे कोठेही पाठवण्याची मोकळीक राहील का, आणि तिचे स्वतःचे काम ते महिन्यातून एकदा ठरवून पाहतील का. हे ठरलेले मुद्दे नंतर एका साध्या ईमेलमध्ये लिहून पाठवावेत. यातल्या शेवटच्या प्रश्नाला ‘बघू पुढे’ असे उत्तर आले, तर ही केवळ नोकरी आहे असे समजावे आणि नोकरी म्हणून ती पटते का एवढेच पाहावे. स्टुडिओत इतर माणसांची ये-जा असते का, पूर्वीचे सहायक आज काय करतात आणि त्यांच्याविषयी कसे बोलतात, हेही जाणून घ्यावे. दुसऱ्या कोणाला काम दाखवू नकोस असे सांगणारा, किंवा भेटींविषयी घरी न बोलण्याची अपेक्षा करणारा माणूस मार्गदर्शक म्हणून विश्वासाचा नव्हे. तसे काही जाणवले तर कोणतेही स्पष्टीकरण न देता काम थांबवावे आणि त्याचा दोष तिने स्वतःकडे घेऊ नये.

सशुल्क कार्यक्रमाविषयी थोडक्यात सांगते. शुल्क असणे गैर नाही, कारण अनुभवी माणसाच्या वेळेला मोल आहे. प्रत्यक्ष मार्गदर्शक कोण आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र वेळ किती मिळतो आणि मागील तुकड्यांतील दोन-तीन जणांशी बोलता येईल का, हे विचारावे. वर्षाअखेरीच्या प्रदर्शनाची हमी हेच त्याचे मुख्य आकर्षण असेल, तर मी घाई करणार नाही. ज्या गॅलरीचे उत्पन्न चित्र विकल्यावर मिळणाऱ्या कमिशनमधून येते (हे कमिशन बऱ्याचदा विक्रीच्या किमतीच्या निम्मे असते), तिला चित्र विकले जावे यासाठी झटावे लागते. जिचे पैसे कलावंताकडून आधीच वसूल झाले आहेत, तिला तशी निकड राहत नाही. या वर्षी ते पैसे कार्यक्रमावर खर्च न करता रंग, साहित्य आणि चांगली प्रदर्शने पाहण्यासाठीचा प्रवास यांवर करावेत, असे मला वाटते.

व्यवहार जाणणाऱ्या माणसाचा मुद्दा मात्र हलका समजू नका, कारण कलाशिक्षणात नेमका हाच भाग राहून जातो. चित्रे गॅलरीकडे ठेवताना लेखी पावती घ्यावी, त्यात परत करण्याची मुदत आणि पैसे देण्याची मुदत असावी. एकाच आकाराच्या व माध्यमाच्या चित्रांची किंमत घरी एक आणि गॅलरीत वेगळी असू नये. सुरुवातीला किंमत भरमसाट वाढवली तर पुढे ती उतरवणे जवळजवळ अशक्य होते. चित्र विकले तरी ते छापण्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय सहसा खरेदीदाराकडे जात नाही. दहा-पंधरा वर्षे या क्षेत्रात काढलेला कोणताही कलावंत हे सारे एका दुपारी समजावून देऊ शकतो. त्यासाठी तो थोर चित्रकार असण्याची आवश्यकता नाही. तिच्यापेक्षा काही वर्षेच पुढे असलेली, नुकतीच या अडचणींतून गेलेली व्यक्ती उलट अधिक उपयोगी पडते.

अशा व्यक्तींना लिहिताना ‘मला मार्गदर्शन करा’ अशी मोघम विनंती करू नये, कारण तिला काय उत्तर द्यावे हे समोरच्याला कळत नाही. त्यांचे अमुक प्रदर्शन पाहिले, माझ्या या दहा चित्रांपैकी ही मालिका पुढे न्यावी की थांबवावी हे मला ठरवता येत नाही, आपण अर्धा तास द्याल का, एवढे पुरेसे असते. सोबत मोजकीच चित्रे, त्यांचे शीर्षक, वर्ष, माध्यम आणि आकार नीट लिहून पाठवावेत. उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करावी आणि मग तो विषय सोडून द्यावा. भेट झाली आणि काही सुचवले गेले, तर दोन-तीन महिन्यांनी त्या सूचनेचे आपण काय केले ते कळवावे. बरीच चांगली नाती या दुसऱ्या पत्रापासून सुरू होतात, आणि बहुतेक तरुण ते लिहीत नाहीत.

बरोबरीच्या मित्रांकडेही तिने दुर्लक्ष करू नये. १९६५ मध्ये अमेरिकी शिल्पकार एव्हा हेस जर्मनीत असताना आपल्या कामाविषयी फार साशंक झाल्या होत्या, तेव्हा त्यांचे कलावंत मित्र सॉल लेविट यांनी त्यांना एक मोठे पत्र लिहून सांगितले की विचार करत बसणे थांबव आणि काम कर, वाईट झाले तरी कर. लेविट स्वतःही त्या वेळी स्थिरावलेले नव्हते. आपल्या मुलीच्या वर्गातील तीन-चार जण अजून काम करत असतील, तर त्यांनी महिन्यातून एकदा एकमेकांची नवी चित्रे पाहायला बसावे. मुदत, प्रेक्षक आणि चर्चा, महाविद्यालयाबरोबर गेलेल्या या गोष्टी अशा बैठकीत पुष्कळशा परत मिळतात.

आपल्याला एकच विनंती आहे. त्या ज्येष्ठ चित्रकारांशी बोलणी आपण करू नयेत. आपली काळजी रास्त असली तरी कामाच्या अटी स्वतः मांडणे हे तिच्या व्यवसायाचाच भाग आहे आणि ते तिला यापुढे प्रत्येक गॅलरीसमोर करावे लागेल. बोलण्यापूर्वी तिने आपले प्रश्न कागदावर लिहून काढावेत, आणि वाटल्यास तो कागद मला पाठवावा. मी वाचून कळवीन.