तीच गोष्ट, तेच पान

‘बहीण रात्रंदिवस एकच विज्ञानकथा वाचत बसते, हिच्या डोक्यावर परिणाम तर झाला नसेल?’ या धर्तीचा प्रश्न समुपदेशक म्हणून मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो. बहिणीच्या जागी कधी नवरा असतो, कधी बारावीतला मुलगा, एकदा तर सासरे होते. पुस्तक बदलतं, काळजी तीच. म्हणून ही एक हकीकत लिहितेय. जिची आहे तिला विचारलंय, नाव गाळलंय, ओळखू येतील अशा खुणा बदलल्यात.

फोन भावाचा होता, मराठवाड्यातून. “मॅडम, चार वर्षं झाले तिला पुण्यात ठेवून. निकाल लागल्यापासून अभ्यासाचं पुस्तक उघडलं नाही तिनं. गोष्टीचं पुस्तक वाचायली, तेबी एकच. रूमवरच्या पोरींनी फोन करून सांगितलं मला.” मागून आईचा आवाज येत होता, “घरी ये म्हणावं तिला, बास झालं.”

दोन दिवसांनी ती आली. सत्तावीस वर्षांची, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी. अभ्यासिकेची महिन्याची फी भरलेली, पण तिकडे फिरकत नव्हती. बसायच्या आधीच म्हणाली, “दादानं पाठवलंय म्हणून आले. मला काही झालेलं नाही.”

अशा वेळी पुस्तकाबद्दल मी लगेच बोलत नाही. झोप किती, डबा पूर्ण संपतो का, घरी फोन कोण करतं, अंघोळ रोज होते का, हे आधी. आणि एक प्रश्न सरळ विचारते, आडून नाही: जीव द्यावा असं मनात येतं का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट विचारलं की माणूस सुटल्यासारखा बोलतो. ती म्हणाली, निकालाच्या रात्री आला होता, परत नाही. झोप मोडकी होती, डबा अर्धा परत जात होता, पण रूममेटबरोबर संध्याकाळी चहाला ती न चुकता उतरत होती. याच्या उलट चित्र असतं, म्हणजे दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, मरणाचे विचार थांबत नाहीत, तर मी तिला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. (टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात. फ्रिजवर लावून ठेवा.)

मग म्हटलं, “बघू तरी, कुठलं पुस्तक?”

जयंत नारळीकरांच्या कथांचं होतं, कडा मऊ पडलेलं. तिनं टेबलावर ठेवलं आणि ते आपसूक एका पानावर उघडलं. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. पानात खूण म्हणून एक घडी घातलेला पातळ कागद.

कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत. पानिपतचा निकाल उलटा लागला असता तर काय, या विचारात असताना त्यांना ट्रकची धडक बसते आणि ते जागे होतात ते मराठे जिंकलेल्या जगात. १७६१ नंतरचा सगळा इतिहास निराळा. मुंबईच्या एका ग्रंथालयात बखर चाळताना त्यांना सांधा सापडतो: आपल्या जगात विश्वासरावांना गोळी लागली, इथं ती कानाजवळून गेली. तिळाएवढं अंतर.

तिचं पुस्तक बरोबर तिथंच उघडत होतं. “तेवढीच तीन-चार पानं वाचते,” ती म्हणाली. “रात्री झोप येईना की.”

आणि तो पातळ कागद? तिनं उलगडून दाखवला. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत होती. निळसर गोळ्यांच्या रांगा, आणि एका गोळ्याभोवती पेन्सिलीनं इतक्यांदा गोल काढलेला की कागद विरला होता. दोन नंबरचा पर्याय की तीन, यात तिचं पेन अडकलं होतं. तिनं तीन काळा केला. उत्तर दोन होतं. बरोबर उत्तराचे दोन गुण गेले, चुकल्याचा अर्धा कापला गेला; अडीचचा फरक. कट-ऑफ हुकला दीड गुणानं.

मी खरंच गप्प झाले. तिनं स्वतःच्या दुखण्याला नेमकी लागू पडणारी गोष्ट हुडकून काढली होती. इतकं नेमकं औषध मला सुचलं नसतं.

आता भावाच्या प्रश्नाकडे येते. तेच ते वाचणं हा आजार नव्हे. आजी रोज तोच हरिपाठ म्हणते तेव्हा कुणी तिला समुपदेशकाकडे आणत नाही. काऊचं शेणाचं घर वाहून जाणार हे पोराला पाठ असतं, म्हणूनच ते झोपताना तीच गोष्ट मागतं. मन थकलेलं असतं तेव्हा पुढं काय होणार हे माहीत असण्यातच आराम असतो. त्यात विज्ञानकथेची एक गंमत मला कायम वाटत आलीय: संकट केवढंही असो, त्याला कारण असतं, आणि ते ‘तुझ्याच कर्माची फळं’ असं नसतं. रेडिओथेरपी चालू असलेले एक गृहस्थ अँडी वीअरच्या कादंबरीतला मंगळावर अडकलेला मार्क वॉटनी बटाटे कसे उगवतो तेवढाच भाग वाचायचे. रोजचं रोज, एक एक अडचण. एक आजोबा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या विज्ञान-कादंबऱ्यांत रमायचे. नारळीकर २० मे २०२५ ला गेले, त्या आठवड्यात माझ्याकडच्या दोघा-तिघांनी तरी माळ्यावरून त्यांची पुस्तकं काढली होती. यातल्या कुणालाही मी ‘वाचणं कमी करा’ म्हटलेलं नाही.

मी पाहते ते वेगळंच. पुस्तक मिटल्यावर माणूस कसा असतो? आजोबा पुस्तक मिटून नातीशी भांडायला जायचे. ही मुलगी पुस्तक मिटायची आणि कार्बन प्रत उघडायची.

‘जर-तर’चा हा भुंगा कुणालाही लागतो, आणि जो थोडक्यात हुकतो त्याला जास्त. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या विजेत्यांचे चेहरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तपासले होते. कांस्यवाले रौप्यवाल्यांपेक्षा खूश दिसले. रौप्यवाल्याला हुकलेलं सुवर्ण दिसतं, कांस्यवाल्याला वाटतं, बरं झालं, पदक तरी मिळालं. तिला मी हे सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, मला तर कांस्यपण नाही.” तिचं बरोबर होतं. ऐकीव अभ्यास समोरच्याला चिकटवायची घाई आम्हा लोकांना फार.

मग तिला एवढंच काम दिलं: गोष्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाच, एका बैठकीत, मधूनच उघडायची नाही. आणि त्या वेळी तो कागद दुसऱ्या खोलीत.

पुढच्या आठवड्यात ती जरा चिडूनच आली. “त्यांचा मुलगा नसतो तिथं.”

मुंबईत उतरल्यावर गंगाधरपंत मुलाच्या ऑफिसात चौकशी करतात, तर त्या नावाचं कुणी तिथं कामालाच नाही. ग्रंथालयाच्या आधीचा प्रसंग. शाळेत असताना तिनं तो वाचला होता आणि साफ विसरली होती. जिंकलेल्या जगात आपलं माणूस नसू शकतं, हे तिच्या तीन-चार पानांत कुठंच नव्हतं.

“मग तुझ्या तिकडच्या जगात कोण नसेल?” मी विचारलं.

बराच वेळ पंख्याकडे बघत होती. “रूममेट. ती मागच्या जूनमध्ये आली. मी पास झाले असते तर खोली सोडली असती.” मग लगेच, “पण पगार असता, मॅडम.” आम्ही दोघीही हसलो. पगार असता हे खरंच होतं, आणि ते नाकारून तिची समजूत घालायचा माझा इरादा नव्हता. त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली, पुष्कळ रडली.

आणखी सहा वेळा भेटलो. झोपेची वेळ बांधली, सकाळी चालणं सुरू केलं. भावाला मी सांगितलं की आठवड्यातून एक फोन असा करा ज्यात परीक्षेचा प नसेल. त्याला ते फार अवघड गेलं. “मग बोलू काय?” म्हणाला. म्हटलं, म्हशीचं सांगा. पुढचा प्रयत्न करायचा की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. सध्या एका क्लासमध्ये उत्तरपत्रिका तपासते आणि त्यात खोलीचं भाडं निघतं.

परवा भावाचा परत फोन आला. “ते पुस्तक सुटलं का, मॅडम?”

नाही सुटलेलं. शेवटच्या भेटीत तिच्या पिशवीत तेच होतं. कार्बन प्रत मात्र आता गावाकडच्या ट्रंकेत आहे, दहावी-बारावीच्या मार्कलिस्टांबरोबर. पुस्तक टेबलावर ठेवलं तर ते ‘धूमकेतू’वर उघडलं आणि आतून मेसची पावती खाली पडली. डब्याचे पैसे भरल्याची, अख्ख्या महिन्याचे.