'आईला मी बघतो, घर माझ्या नावावर कर!'

पत्र: आई ७४ वर्षांची, कराडला भावाकडे असते. घर तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेलं, तिच्या एकटीच्या नावावर. मी ठाण्याला, महिना ५,००० रुपये पाठवते. भाऊ म्हणतो, 'सांभाळतो मी, तर घर बक्षीसपत्राने माझ्या नावावर होऊ दे. तू दिल्या घरची.' आई सहीला तयार आहे. अडवलं तर मी हावरट, गप्प बसले तर आईचं काय?
– कराडची लेक

ताई, भावाचं बोलणं लागलं असेल, पण त्यात तथ्य आहे. रात्री दोनदा उठून आईला संडासला नेणं पाच हजारांत बसत नाही. (उठत बहुधा वहिनी असेल; तिचं नाव तुमच्या पत्रातही नाही.) त्याला जास्त मिळालं तर मिळू दे. मात्र कधी आणि कोणत्या कागदाने, ते बघा.

बक्षीसपत्राची नोंदणी झाली आणि भावाने ते स्वीकारलं की घर त्याचं. राहतं घर मुलाला देताना महाराष्ट्रात त्याचं मूळ मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये, म्हणून सगळ्यांना हाच रस्ता सुचतो. पुढे आईचं मन बदललं, एवढ्यावर ते रद्द होत नाही. सांभाळलं नाही तर दिलेलं घर परत मिळवून देणारं २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ आहे, पण त्यासाठी घर सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं हे दाखवावं लागतं. ठरावीक मसुद्यात 'प्रेमापोटी, राजीखुशीने' एवढंच असतं आणि घोडं तिथेच अडतं.

त्यापेक्षा मृत्युपत्र करा. मुद्रांक लागत नाही, आई हयात आणि शुद्धीत असेतो बदलता येतं. दोन साक्षीदार बाहेरचे घ्या, आई भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच तारखेचा जोडा. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून टाका. भाऊ बक्षीसपत्रावरच अडला, तर 'तहहयात राहण्याचा हक्क, अन्न, औषधपाणी. न दिल्यास बक्षीसपत्र रद्द' हे वकिलाकडून त्यातच लिहून घ्या. तोंडी वचन नको.

आणि 'दिल्या घरची' म्हणून तुमचीही सुटका नाही. ज्येष्ठ नागरिक कायद्यात मुलगीही अपत्यच. आईने प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात निर्वाहाचा अर्ज केला, तर तो तुमच्यावरही होऊ शकतो.

तेव्हा पैशांसोबत दिवसही द्या. तीन महिन्यांतून पंधरा दिवस आईला ठाण्याला आणा. प्रवास झेपत नसेल तर तुम्ही कराडला जा आणि वहिनीला माहेरी पाठवा. तिच्याकडून गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून घ्या. फोनवर सांगितलेली रक्तदाबाची गोळी हमखास दोनदा दिली जाते.