क्राफ्टच्या खोक्यासाठी रंग निवडताय? आधी तो खोका हातात घ्या

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितेय. कोकम सिरपच्या बाटलीचं लेबल आणि सहा बाटल्यांचा क्राफ्टचा, म्हणजे त्या जाड तपकिरी कागदाचा खोका, त्यासाठी तुम्ही तीन पॅलेट, म्हणजे रंगांच्या जुळण्या टाकून कोणती घेऊ विचारलंत आणि खाली बहुतेकांनी पहिल्याला मत दिलंय, म्हणजे फिकट गुलाबी, पोपटी आणि पांढरी अक्षरं. स्क्रीनवर ते खरंच सुंदर दिसतंय. पण खोक्यासाठी ते घेऊ नका. कुठला रंग कुठल्याशी जुळतो वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात जात नाही.

माझं काय झालं ते सांगते. 2018 च्या ऑक्टोबरात हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या पुढच्याच सीझनला देवगडकडच्या एका बागायतदार काकांनी स्वतःच्या नावाचा एक डझनचा खोका करून मागितला, तोवर ते बाजारातले तयार खोकेच वापरायचे. मी आंब्याचा पिवळा, पानांचा हिरवा आणि मधोमध पिवळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'हापूस' असं केलं. काकांना आवडलं. प्रेसकडे प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना मागितला, त्यांनी दिलाही, पण तो चकचकीत पांढऱ्या आर्ट पेपरवर काढलेला. मी उन्हात धरून रंग बघितले, शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि सही करून टाकली. खोका क्राफ्टचा आणि प्रूफ पांढऱ्या कागदाचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

दीड हजार खोके आले. पिवळा ओल्या मातीसारखा, हिरवा जवळजवळ काळा, आणि 'हापूस' तर पांढरा नाहीच, खोक्याच्याच रंगाचा, त्या मळक्या पिवळ्यात बुडालेला, चार हातांवरून वाचता येईना. पाडवा तोंडावर आलेला, परत छापायला वेळ नाही. प्रेसवाल्यांचं एकच, मॅडम फाइल आली तशी छापली, प्रूफवर तुमची सही आहे. सही होती हे खरंय. पण ज्यांच्या दारात रोज क्राफ्टचे गठ्ठे उतरतात त्यांना छापायच्या आधी एक फोन करता आला नसता का? प्रूफ त्याच कागदावर काढून द्यायला त्यांना असं काय लागलं असतं? आजही आठवलं की राग येतो. अर्धा खर्च मी सोसला, ते पैसे गेले ते गेले, पण काकांनी तो अख्खा सीझन त्याच खोक्यांतून आंबा पाठवला, पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलेला खोका आणि ते नावच दिसत नव्हतं, त्याचं मला जास्त लागलं.

हे का होतं, तर नेहमीच्या चार रंगांच्या (निळसर, किरमिजी, पिवळा, काळा) छपाईत पांढरी शाई नसतेच. फाइलमधला पांढरा म्हणजे तिथे शाई न लावता सोडलेला कागद. आणि शाया पारदर्शक असतात, उजेड शाईतून कागदापर्यंत जाऊन परत येतो, त्यामुळे खालचा तपकिरी प्रत्येक रंगात मिसळतो. गुलाबी, पिवळा, आकाशी असे हलके रंग सगळ्यात आधी मरतात. गडद रंगांना कागद फारसा बिघडवू शकत नाही. ते तयार पॅलेट देणारे ॲप सगळे स्क्रीनसाठी, मागे पांढरा उजेड धरून केलेले असतात, खोक्यासाठी त्यांच्या नादी लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून आता मी काय करते, तर आधी खोकेवाल्याकडून कोऱ्या क्राफ्टचा तुकडा आणते, दिवसाच्या उजेडात त्याचा फोटो काढते, फाइलमध्ये तो सगळ्यात खाली ठेवते आणि वरच्या डिझाइनला मल्टिप्लाय लावते, म्हणजे वरचा रंग खालच्यात मिसळून दिसतो ती सोय. छपाईनंतर काय दिसेल त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, पांढरी अक्षरं तिथल्या तिथे गायब होतात. अर्थात अंदाजच, प्रत्येक प्रेसचं मशीन आणि शाई वेगळी, मी काही छपाईतली तज्ज्ञ नाही. शेवटचं प्रूफ त्याच क्राफ्टवर मागा, आणि ते हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. देत नाही म्हणाले तर प्रेस बदला, मी तरी बदलते.

पांढरा हवाच असेल तर स्क्रीन प्रिंटिंगची (जाळीतून शाई दाबून करतात ती छपाई) जाड पांढरी शाई आधी मारून घेता येते, किंवा वरचा थर पांढरा असलेला खोका घ्या, खर्च वाढतो. नाहीतर तुमचं तिसरं पॅलेट, गडद कोकमी आणि काळपट हिरवा, दोनच रंग, क्राफ्ट स्वतःच तिसरा. फ्लेक्सोवर (लवचिक प्लेटने खोक्यांवर करतात ती छपाई) छापणार असाल तर प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते, म्हणजे तेवढे पैसेही वाचतील. पहिलं पॅलेट बाटलीच्या लेबलला ठेवा की, तिथे पांढरा स्टिकर आहे. फक्त पारदर्शक स्टिकर घेऊ नका, आतलं सिरप इतकं गडद की परत तीच गत.

अजून दोन गोष्टी, विषयाला सोडून आहेत पण राहायला नकोत. बारकोड कोकमी रंगात करायचा मोह होईल, करू नका, बऱ्याच स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघा दिसतच नाहीत. काळाच ठेवा, आणि क्राफ्टवर छापणार असाल तर एखाद्या दुकानात नेऊन स्कॅन करून बघा. आणि व्हेजचा हिरवा ठिपका उठून दिसेल अशाच रंगावर हवा असा नियम आहे, तुमच्या पहिल्या लेबलात तो पोपटीवर टाकलाय, तिथून हलवा.

क्राफ्टचा तुकडा मिळाला की मल्टिप्लाय लावून तिन्हींचे फोटो इथे टाका, बघून सांगते. तुकड्याचा फोटो बल्बखाली काढू नका, सगळं पिवळं येतं.