सीमा 'अचानक' बंद झालेली नव्हती

साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांनी आणि पत्नीने जून 2025 मध्ये मुंबईच्या एका कंपनीकडे अझरबैजान, जॉर्जिया, आर्मेनिया अशी सहल बुक केली. माणशी 1,85,000 रुपये. ब्रोशरमध्ये 'कमाल 12 जण' असं ठळक छापलेलं होतं. बाकूहून अझरबैजानमधल्याच शेकी शहरात मुक्काम, दुसऱ्या दिवशी बालाकनची सीमा ओलांडून रस्त्याने जॉर्जियात सिग्नागी, असा कार्यक्रम होता. सप्टेंबरमध्ये निघायच्या 12 दिवस आधी व्हॉट्सॲपवर निरोप आला: सीमा अचानक बंद झाली आहे, बाकू-तिबिलिसी विमानाने जावं लागेल, माणशी 14,500 रुपये जादा भरा. शेकी रद्द. बाकूत उतरल्यावर दुसरा गट जोडला गेला आणि बसमध्ये 31 जण झाले. परतल्यावर तक्रार केली, तर उत्तर आलं, 'परिस्थिती आमच्या आवाक्याबाहेरची होती. शिवाय वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात चालेल असं अटींमध्ये लिहिलं आहे.' ते विचारतात, आता काही करता येईल का?

येईल. आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बळकट आहे.

'अचानक' या एका शब्दावर कंपनी अडकते. अझरबैजानने जमिनीवरच्या सीमा मार्च 2020 मध्ये करोनामुळे सामान्य प्रवाशांसाठी बंद केल्या आणि त्यानंतर मुदत वाढवतच नेली. बाकू-तिबिलिसी रात्रीची रेल्वेही तेव्हापासून थांबली. म्हणजे तुमच्याकडून पैसे घेतले तेव्हा हा रस्ता पाच वर्षं बंदच होता. आर्मेनिया आणि अझरबैजान यांच्यातली सीमा तर नव्वदच्या दशकापासून बंद आहे. म्हणून तर या तिन्ही देशांच्या सहलींना जॉर्जियाचाच आधार घ्यावा लागतो. या भागात सहली नेणाऱ्याला एवढा भूगोल पाठ असायलाच हवा.

भारतीय करार कायद्याच्या कलम 56 मधला पहिला भाग सगळ्यांना ठाऊक असतो: अशक्य गोष्ट करण्याचा करार रद्दबातल. त्याच कलमाचा शेवटचा परिच्छेद मात्र फारसं कुणी वाचत नाही. गोष्ट अशक्य आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होतं किंवा रास्त चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि घेणाऱ्याला माहीत नव्हतं, तर नुकसान वचन देणाऱ्याने भरून द्यायचं. तुमचं प्रकरण नेमकं यात बसतं. बुकिंगच्या तारखेआधीची, सीमाबंदीला मुदतवाढ दिल्याची एखादी बातमी छापून तक्रारीला जोडा. 'आवाक्याबाहेरची परिस्थिती' हा बचाव त्या एका कागदाने बराच लंगडा होईल.

12 चे 31 झाले, ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सेवेतली त्रुटी आहे आणि छापील आश्वासन खोटं ठरल्यामुळे अनुचित व्यापारी प्रथाही. बसमधले फोटो आणि व्हॉट्सॲप गटातली नावं जपून ठेवा. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम 63 खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. अशा तक्रारी ऐकणारा ग्राहक आयोग पुराव्याबाबत न्यायालयाइतका काटेकोर नसतो, पण समोरच्या वकिलाला आयतं निमित्त कशाला द्यायचं?

दिल्लीच्या अटीने घाबरू नका. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, असं ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 34 सांगतं. तुम्ही साताऱ्यातच दाखल करा. दोघांचे मिळून 3,70,000 रुपये दिले आहेत; पाच लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून करता येते आणि वकील सक्तीचा नाही. (हे एका वकिलाने सांगावं, यात माझं थोडं नुकसान आहे.) पत्नीलाही तक्रारदार करा. 'कार्यक्रम बदलण्याचा पूर्ण अधिकार कंपनीला' ही अट अन्यायकारक म्हणून रद्द करून मागायच्या भानगडीत मात्र पडू नका. तो अधिकार राज्य आयोगाचा आहे. इथे त्रुटी आणि खोटं आश्वासन यांवरच राहा.

कंपनी दोन गोष्टी पुढे करेल. एक, जादा पैसे तुम्ही राजीखुशीने भरले. इथे तुमच्या पत्नीचा त्या दिवशीचा निरोप कामी येतो: 'भरतो, पण हे आधीच सांगायला हवं होतं.' तुमच्या चार पानांपेक्षा या एका ओळीची किंमत जास्त आहे. दोन, आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानमध्ये शेवटच्या रात्री भरून दिलेला 'समाधानी' असा फॉर्म. गाइड उभा असताना, जेवणाच्या टेबलावर केलेल्या खुणांनी हक्क सोडला असं होत नाही. तरी तो लपवू नका. तक्रारीत स्वतःहून उल्लेख करा.

मागणीबाबत माझं मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पूर्ण सहलीचे पैसे मागू नका. जॉर्जिया आणि आर्मेनिया तुम्ही पाहिलेत, पत्रात सेवान सरोवराबद्दल अर्धं पान भरभरून लिहिलंही आहे. विमानाचे 29,000, शेकीच्या मुक्कामाचा खर्च, मोठ्या गटामुळे सेवेत आलेल्या घटीबद्दल वाजवी रक्कम, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा. अवास्तव आकडा दिसला की खऱ्या मागणीकडेही संशयाने पाहिलं जातं.

आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि 15 दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने व ईमेलने पाठवा. नोटीस कायद्याने बंधनकारक नाही, पण बऱ्याच कंपन्या याच टप्प्यावर बोलायला येतात. त्यांनी 'पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन' देऊ केलं तर नम्रपणे नाही म्हणा. रक्कम बँक खात्यात जमा होईपर्यंत कुठल्याही कागदावर सही करू नका. आणि आयोगात गेलातच, तर कंपनीला म्हणणं मांडायला जास्तीत जास्त 45 दिवस मिळतात. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ती उलटली की आयोगाला आठवण करून देण्याचं काम तुमचंच आहे.