टर्नबकल (फिरवून लांबी कमी-जास्त करता येणारा स्क्रूचा जोड) नसताना युकुलेलेची कंबर साच्याला कशी टेकवायची?

प्रश्न असा: सोप्रानो युकुलेलेच्या वाकवलेल्या बाजू साच्यात बसवल्या, पण कंबरेपाशी त्या साच्यापासून सुटून आत येतात. लायनिंग (बाजूंच्या आतल्या कडांना चिकटवायच्या पट्ट्या) आणि वरची फळी चिकटेपर्यंत आतून काय लावायचं?

हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा थ्रेडेड रॉड घ्या आणि कंबरेच्या आतल्या रुंदीपेक्षा साधारण २५ मिमी आखूड कापा. त्यावर दोन नट आणि दोन वॉशर चढवा. दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे, प्रत्येकात ७ मिमीचं आंधळं (आरपार न जाणारं) छिद्र, म्हणजे रॉड आत सरकायला जागा राहते. नट बाहेरच्या बाजूला फिरवला की वॉशर ठोकळ्याला ढकलतो.

इथे बहुतेकांची गफलत होते: कंबर आतून फुगीर असते, त्यामुळे ठोकळ्याचा चेहरा खोलगट हवा. सपाट ठोकळा एकाच रेषेवर दाबतो आणि दोन मिमीहून पातळ बाजूला तिथेच उभी चीर जाते. चेहऱ्यावर ३ मिमी बुचाची (कॉर्कची) शीट, त्यावर खाकी टेप, नाहीतर ओघळलेला ग्लू ठोकळाच पक्का करून टाकतो.

नट बोटांनीच आवळा, पाना नको. बाजू साच्याला टेकली की थांबा. रॉड-ठोकळ्यांचा हा आधार बाजूंच्या मधल्या उंचीवर ठेवा, कडांपासून किमान १५ मिमी दूर. लायनिंगच्या चिमट्यांना तेवढी जागा लागतेच.

वरची फळी चिकटवून २४ तास झाले की आधार काढा. मागची फळी त्यानंतरच लावा, कारण जोडलेला आधार साउंडहोलमधून सहसा बाहेर येत नाही.