पुठ्ठ्याची एसटी खऱ्यासारखी का दिसत नाही?

तुमचा मुलगा नववीत आहे, पुठ्ठ्याच्या एसटी बनवतो, पण प्रत्येक गाडी 'लाल रंग दिलेलं खोकं' वाटते म्हणून हिरमुसतो, आणि त्याला एखादं तयार किट आणून द्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

किट नका आणू. आठवी ते बारावी मी सात गाड्या केल्या. पहिल्या दोन खोकीच होती, कारण मी 'एसटी' बनवत होतो. तिसऱ्या वेळी आमच्या गावात मुक्कामाला येणारी गाडी समोर ठेवली, तीच आणि तेवढीच. तिच्या मागच्या शिडीची एक पायरी वाकलेली होती, ती वाकडी पायरीसुद्धा केली. ती गाडी पाहून शेजारचे काका नुसतं "एसटी केलीस की रे" म्हणाले नाहीत, "ही आपली मुक्कामी गाडी ना?" म्हणाले.

सगळ्या लाल डब्यांना आपण एकच समजतो, तसं नसतं. एसटी कित्येक वर्षं चासी (गाडीचा खालचा सांगाडा) बहुतेकदा टाटा किंवा लेलँडची घेऊन बॉडी आपल्याच कार्यशाळांत बांधत आली: पुण्यात दापोडी, छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. नंबरवरूनही बहुतेकदा माहेर कळतं. एमएच १४ म्हणजे दापोडी, एमएच २० चिकलठाणा, एमएच ४० हिंगणा. मुलाला एकदा स्टँडवर न्या, कंट्रोलरला विचारा, आणि उभ्या असलेल्या एकाच गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढू द्या. खिडक्या मोजायला सांगा. मी अंदाजाने काढल्या होत्या, एक कमी पडली आणि अख्खी बाजू फेकावी लागली.

आता मापाचं. पोरं आधी गाडी बनवतात आणि मग मिळतील ती चाकं लावतात. उलटं करा, चाकापासून सुरू करा. खऱ्या गाडीचं टायर साधारण १ मीटर उंच असतं आणि चाक म्हणून लावायचं पाण्याच्या बाटलीचं झाकण साधारण ३ सेंटिमीटर. म्हणजे प्रमाण झालं १:३३. मग अडीच मीटर रुंद गाडी साडेसात सेंटिमीटरची होते. बाकी सगळी मापं ३३ने भागत जायचं. आमच्या गणिताच्या सरांनी गुणोत्तर-प्रमाण शिकवलं तेव्हा मला ते आधीच येत होतं, पण ते असो.

चाकांच्या आसाला झाडूची काडी नको, पावसाळ्यात वाकते. सायकलचा जुना स्पोक घ्या आणि तो रिकाम्या रिफिलच्या नळीतून ओवा, चाकं गरगर फिरतात. बाजूंना खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरू नका, कापलेल्या कडेला त्याच्या नळ्या दिसतात. लग्नपत्रिका सगळ्यात भारी! जाड, गुळगुळीत आणि फुकट. लग्नसराईनंतर मी आळीत घरोघरी मागत फिरायचो.

टपाची गोलाई हे खरं काम. जाड कागदाला धागा असतो. दोन्ही दिशांनी हलकं वाकवून बघा, एका बाजूला सहज वळतो, दुसऱ्या बाजूला कुरकुरतो. सहज वळतो ती दिशा टपाच्या रुंदीकडे आली पाहिजे. मग मागून किंचित ओला हात फिरवायचा, लाटण्यावर गुंडाळून रबर लावायचं आणि रात्रभर ठेवायचं. (दुसऱ्या दिवशी पोळ्यांच्या आत लाटणं परत करायचं, हे अनुभवाचे बोल.)

जुन्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या गाड्यांवर रिव्हेटच्या ओळी असतात. शाई संपलेल्या रिफिलच्या टोकाने कागद मागून टोचला की पुढून बारीक टिंबं उठतात. वहीच्या जाडीवर ठेवून टोचा, टेबलावर नाही. रंग द्यायच्या आधी हे करायचं. एवढ्या एका गोष्टीनेच खोक्याची बस होते.

रंगात मी फसलो. पोस्टर कलर स्वस्त म्हणून दिला, जुलैत हात लावला की बोटं लाल आणि बाजू फुगलेल्या. ऑइल पेंटचा छोटा डबा आणा, दोन पातळ हात द्या. चिकटवायला फेव्हिकॉलच. पैसे वाचवायला मी मैद्याची खळ लावली होती, वर्षभरात कसरीनं टप खाल्लं.

कटर त्याला एकट्याला देऊ नका. पट्टी स्टीलची घ्या, प्लॅस्टिकच्या पट्टीवर पातं चढतं. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

चौथी गाडी मी आमच्या ओळखीच्या निवृत्त ड्रायव्हर काकांना दाखवायला नेली. त्यांनी हातात घेऊन फिरवली, चाकं फिरवली, आत डोकावले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण संकटकाळी बाहेर पडायचं कुठून?"

ते दार मी विसरलो होतो. त्याच रात्री कापलं.