कॉलेजसमोर व्हेप विकणाऱ्या टपरीची नवी मुंबईत तक्रार करून काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या कॉलेजसमोरच्या टपरीवर व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) मिळतात, आणि तक्रार झाली की टपरीवाला किरकोळ दंड भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. मी कोपरखैरण्यात राहतो. आमच्याकडच्या पालकांनी मिळून हे प्रकरण हाताळलंय, म्हणून सांगतो. होतं, पण अर्ज योग्य कायद्याखाली द्यायला हवा.

बहुतेक अर्जांत लिहिलेलं असतं, 'शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकतात.' हे वाक्य टपरीवाल्याच्या पथ्यावर पडतं. ती तरतूद २००३ च्या 'कोटपा' या तंबाखू नियंत्रण कायद्यातली. दंड जास्तीत जास्त २०० रुपये. तेवढे त्याचे एका गिऱ्हाइकात सुटत असतील.

व्हेपसाठी २०१९ चा ई-सिगारेट बंदी कायदा आहे. त्यात अंतर मोजायची गरजच नाही, विक्री देशभर बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी शिक्षा आहे. 'यात निकोटीन नाही, फक्त फ्लेवर आहे' हे तर तो हमखास म्हणेल. कायद्याच्या व्याख्येत निकोटीन असलेलं-नसलेलं दोन्ही येतं. पोलीस उपनिरीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारी झडती घेऊन माल जप्त करू शकतो.

म्हणून अर्जात 'तरुण पिढी बिघडतेय' वगैरे नको. टपरी नेमकी कुठे, माल कोणत्या वेळी निघतो, कुठून काढून देतो, आणि '२०१९ च्या कायद्याचं कलम ४ व ५', एवढं पुरे. वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे द्या, परिमंडळ उपायुक्तांना प्रत पाठवा आणि पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. पुढे काहीच हललं नाही तर पोचवरचा आवक क्रमांक देऊन माहिती अधिकारात 'काय कारवाई केली' एवढंच विचारा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. टपरी फुटपाथवर असेल तर पालिकेच्या विभाग कार्यालयात अतिक्रमणाचा अर्ज वेगळा द्या.

ओढणाऱ्या पोरांचे फोटो मात्र काढू नका. वापरणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, आणि उद्या त्यात तुमच्याच ओळखीचा मुलगा निघायचा.

सिगारेट-बिडी राजरोस विकायची आणि व्हेपवर बंदी, यातला तर्क मलाही पटत नाही. बंदीऐवजी नियमन मागणाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण तो वाद संसदेपुढचा आहे; कॉलेजच्या पोरांना चोरून विकणाऱ्याला त्याची ढाल कशाला?

आमच्याकडे टपरीवरचा माल बंद झाला, पण आता इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन स्कूटरवरून पोचवतात. जाहिरातही याच कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे असा मेसेज दिसला तर नंबरासकट स्क्रीनशॉट अर्जाला जोडा.